विमान शिकायला परदेशी जाण्यापूर्वी

कुमठ्याच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली, तेव्हा आपल्या सोलापूर जिल्ह्यात सरळ दोन तट पडले होते. ऊस घालणारे सभासद हळहळत होते आणि शहरातली व्यापारी मंडळी आता विमान येणार म्हणून खूश होती. पुढे ९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचे विमान उडाले आणि १५ ऑक्टोबरला मुंबईचेही सुरू झाले. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, तो वाद येथे उकरून काढायचा नाही. पण एक गोष्ट मात्र घडली. उसाला पाणी धरता धरता मान वर करून पाहणारी आपली पोरे आता वेगळाच प्रश्न विचारू लागली आहेत. तिकीट केवढ्याला, हा त्यांचा प्रश्न नाही. पुढच्या काचेपाशी बसायला काय शिकावे लागते, असे ती विचारतात.

असाच प्रश्न घेऊन मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवरून मला बोलावणे आले. घर ओळखीचे आहे, म्हणून नाव देत नाही. नऊ एकर रान. त्यात पाच एकर ऊस, अडीच एकर डाळिंब आणि उरलेल्यात ज्वारी. थोरली मुलगी बारावी शास्त्र शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. तिने पुण्यातल्या एका एजंटाकडून दक्षिण आफ्रिकेतल्या विमान शाळेचे गुळगुळीत माहितीपत्रक आणले होते. खर्च ५८ लाख. महिनाअखेर पाच लाख भरले तर दोन लाखांची सूट. वडील, त्यांना घरात सगळे आण्णा म्हणतात, रस्त्याकडेचे तीन एकर काढायला तयार झाले होते. गिऱ्हाईकही येऊन गेले होते.

घरात मात्र एकमत नव्हते. चुलत्यांचे म्हणणे, पोरीच्या जातीला एवढे कशाला? त्यांना मी एवढेच सांगितले, की कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ सालीच इंडियन एअरलाइन्सच्या सर्व-महिला चालकांच्या विमानाचे नेतृत्व केले होते, तेव्हा हा मुद्दा चाळीस वर्षे शिळा झाला आहे. आईची भीती वेगळी होती. सोलापुरातून गोव्याचे विमान उडाले आणि तीनच दिवसांनी, १२ जूनला, अहमदाबादची दुर्घटना झाली. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. ती बातमी तिने डोळ्याने पाहिली होती. त्या भीतीला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज्जीने मात्र नेमके विचारले, "वर न्यायला शिकवत्यात, तसं खाली आणायला बी नीट शिकवत्यात का न्हाई, ते आधी बघा."

आज्जीचा प्रश्न खरा आहे. पण त्याच्याही आधी दोन पायऱ्या आहेत आणि त्या परदेशात नाहीत, इथेच आहेत.

आधी डोळे, मग डोहाळे

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्याला सगळे डीजीसीए म्हणतात. शिक्षण अमेरिकेत घ्या की आफ्रिकेत, भारतातल्या विमान कंपनीत नोकरी करायची तर शेवटी शिक्का याच कार्यालयाचा लागतो. वय १८ पूर्ण हवे आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे. ज्यांनी हे विषय घेतले नाहीत, ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेतून देतात.

त्यानंतर वैद्यकीय तपासणी येते. पहिली दुसऱ्या वर्गाची, ती डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे होते. दुसरी पहिल्या वर्गाची, ती जास्त कडक असते आणि व्यावसायिक परवान्याला तीच लागते. डोळे, कान, हृदय, रक्त, लघवी असे सगळे पाहतात. चष्मा असला म्हणून अडत नाही. अडते ते रंगांध असल्यावर. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत लपलेला आकडा ओळखायचा असतो. ज्याला तांबडा आणि हिरवा वेगळा दिसत नाही, त्याला तो दिसतच नाही.

आता कोणी म्हणेल, आमच्या पोराला रंग कळत नाही असे होईल कसे? होते. बार्शीकडच्या एका घरातली गोष्ट मला ठाऊक आहे. मुलगा लहानपणापासून डाळिंब तोडायला जायचा. फळ पिकले की नाही ते हाताच्या सवयीने ओळखायचा, म्हणून कोणाच्या काही ध्यानात आले नाही. एजंटाच्या सांगण्यावरून आधी चार लाख भरले आणि तपासणी मागून केली. तपासणीत पोरगा नापास झाला. पैसे परत मिळत नाहीत, असे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलेच होते. काही हजारांची तपासणी आधी केली असती, तर हे चार लाख वाचले असते. म्हणून सांगतो, जमिनीचे गिऱ्हाईक, पासपोर्ट, माहितीपत्रक हे सारे नंतर. दोन्ही तपासण्या आधी. पहिल्या वर्गाची तपासणीही निघण्यापूर्वीच उरकावी. दुसऱ्या वर्गात पास झालेला पहिल्या वर्गात अडकल्याची उदाहरणे आहेत.

दुसरी पायरी लेखी परीक्षांची. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती हे त्यातले मुख्य विषय. उत्तीर्ण व्हायला शंभरात ७० लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा असते, तिला आरटीआर म्हणतात. परदेशी परवाना घेऊन आल्यावरही लेखी परीक्षा देता येतात, आणि एजंट हेच सांगतात, कारण मुलगा लवकर विमानात बसला की त्यांचे दलाल-पान लवकर पिकते. पण माझे मत विचाराल तर जमतील तितके विषय इथे राहून, घरची भाकरी खाऊन सोडवावेत. त्यात सहा-आठ महिने जातात, पण पोराची खरी ओढ किती आणि नवलाई किती, हेही त्यात कळते. विषय सुटत नसतील तर ते सोलापुरात कळलेले बरे. परदेशात खोलीचे भाडे डॉलरमध्ये चढत असताना कळले तर फार महाग पडते.

मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीचा धसका घेऊ नये. रेडिओवरची भाषा ठरावीक वाक्यांची असते आणि ती सरावाने येते. मात्र कामापुरते इंग्रजी स्वच्छ बोलता-ऐकता आले पाहिजे. त्याचीही परीक्षा आहे आणि आंतरराष्ट्रीय मोजमापाची निदान चौथी पायरी गाठावी लागते.

ट्रॅक्टरचे मीटर आणि विमानाचे मीटर

विमान शिक्षणाचे माप वर्षात नसते, तासात असते. भारतीय परवान्याला एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले निदान १०० तास मुख्य वैमानिक म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर झाले पाहिजेत. काही तास रात्रीचे, काही बाहेर न पाहता केवळ उपकरणांवर भरवसा ठेवून उडवण्याचे, आणि एक प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा. शिवाय नोकरीसाठी दोन इंजिनांच्या विमानाचे आणि उपकरणांवर उडवण्याचे वेगळे शेरे परवान्यावर लागतात.

तासांचा हिशेब आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही. ट्रॅक्टरवर तासांचे मीटर असते, तसेच शिकाऊ विमानातही असते. इंजिन सुरू झाले की ते फिरू लागते. पण बांधावर ट्रॅक्टर नुसताच घुरघुरत उभा राहिला तरी डिझेल जळतेच की नाही? तसेच इथेही. शाळा मोठ्या गर्दीच्या विमानतळावर असेल, तर धावपट्टीवर जाण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते आणि मीटर चालूच राहते. पैसे तासाचे जातात आणि शिकणे पाऊण तासाचे होते. गर्दीच्या विमानतळावर रेडिओचा सराव चांगला होतो, हे खरे. पण सुरुवातीच्या तासांना मोकळा विमानतळ बरा.

माहितीपत्रकात २०० तास लिहिलेले असले तरी एक प्रश्न विचाराच: यातले खऱ्या विमानातले किती? जमिनीवर ठेवलेल्या यंत्रात, ज्याला सिम्युलेटर म्हणतात, बसून काढलेले तास उपयोगी असतात, पण ते उड्डाणाचे तास नव्हेत. बेरजेत ते मिसळले की आकडा फुगतो आणि परत आल्यावर डीजीसीएच्या खिडकीपाशी तास कमी पडतात.

आणि कागदावरच्या तासांच्या नादाला तर मुळीच लागू नये. २०११ साली खोट्या गुणपत्रिका आणि न उडवलेले तास नोंदवून परवाने मिळवल्याची प्रकरणे देशात उघडकीला आली, वैमानिकांना अटक झाली. परदेशी परवाना खरा की खोटा, याची खातरजमा डीजीसीए त्या देशाच्या कार्यालयाकडून करून घेते. तिथे ओळख-पाळख चालत नाही.

देश कोणता, हा दुसरा प्रश्न

लोक पहिल्यांदा देश विचारतात. अमेरिका बरी की कॅनडा, आफ्रिका स्वस्त की फिलिपाईन्स? त्याही आधी आपल्याकडे काय आहे ते पाहिले पाहिजे. देशात डीजीसीएची मान्यता असलेल्या चाळीसच्या आसपास संस्था आहेत. सोलापूरकरांना बारामती आणि कलबुर्गी तर हाकेच्या अंतरावर. गोंदियात, शिरपूरला शाळा आहेत, नागपूरचा जुना फ्लाइंग क्लब आहे. उत्तर प्रदेशात फुर्सतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी अकादमी आहे, तिथे प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास वर्गातल्या निवडक मुलांसाठी महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत मोफत वैमानिक प्रशिक्षण राबवले आहे. त्या वर्गातल्या पालकांनी परदेशाचा विचार करण्याआधी महाज्योतीच्या जाहिरातीवर नजर ठेवावी.

मग लोक बाहेर का जातात? कारण इथे वेळ फार जातो. विमाने कमी, शिक्षक कमी, पावसाळ्यात ढग उतरलेले, त्यामुळे दोन-दोन वर्षे रेंगाळतात. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून संस्थांची श्रेणी लावायला सुरुवात केली, त्या पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. परदेशात चांगली शाळा मिळाली तर हेच काम वर्षभरात उरकते. पण "चांगली" या शब्दावर सगळे अवलंबून आहे.

देश निवडताना हवामान पाहा. जसे आपण पिकाला पाहतो तसे. कॅनडात हिवाळा लांब असतो, फिलिपाईन्समध्ये पावसाळा आणि वादळे. दक्षिण आफ्रिकेच्या आणि अमेरिकेच्या कोरड्या भागांत उडण्याजोगे दिवस अधिक मिळतात. अमेरिकेला जायचे तर व्हिसाची एक अट ध्यानात ठेवावी. विमान शाळांसाठी बहुधा एम-१ नावाचा व्हिसा मिळतो. त्यावर गेलेल्याला सहा महिन्यांनंतर, आपल्या हाताबाहेरचे कारण असल्याशिवाय, शाळा बदलता येत नाही. शाळा खराब निघाली तर बैल बदलावा तशी बदलू, असा तिथे हिशेब नाही. २००१ सालच्या हल्ल्यानंतर परदेशी विद्यार्थ्याला विमानात बसण्याआधी अमेरिकी सुरक्षा खात्याची वेगळी मंजुरीही घ्यावी लागते.

अपघात इथेही होतात आणि तिथेही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात आठवड्याभरात दोन शिकाऊ विमाने कोसळली. जुलै २०२५ मध्ये कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात दोन शिकाऊ विमानांची हवेत टक्कर होऊन दोन विद्यार्थी गेले. त्यातला एक केरळचा होता. म्हणून परदेश म्हणजे सुरक्षित, असे समजू नये. त्या देशाच्या विमान खात्याचे अपघातांचे अहवाल बहुधा जाहीर असतात. शाळेचे नाव घालून ते वाचायला मुलांना सांगावे. इंग्रजी वाचनही होईल.

बोअरला फुटाचे पैसे, विमानाला तासाचे

आता आण्णांच्या घरच्या बैठकीकडे येतो. मी विचारले, "बोअर पाडताना गाडीवाल्याला पैसे कसे देता?" आण्णा म्हणाले, "फुटावर. जेवढं खाली जाईल तेवढं." "आणि गाडी यायच्या आधीच पाचशे फुटांचे सगळे पैसे मागितले तर?" ते हसले. "मग त्यो परत येतोय व्हय?"

हेच इथे लागू आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यातली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही देशभर शाखा असलेली हेलिकॉप्टर शिकवणारी कंपनी ३ फेब्रुवारी २००८ रोजी एकाएकी बंद पडली. विद्यार्थ्यांनी कर्जे काढून शिक्षणाची पूर्ण रक्कम आधीच भरलेली होती. शिक्षण अर्धवट, पैसे बुडालेले आणि कर्ज मात्र शाबूत, अशी शेकडो घरांची गत झाली. तीही अमेरिकी घरे, वकील लावायची ऐपत असलेली. मोहोळचा बाप जोहान्सबर्गच्या कोर्टात कुठे उभा राहणार?

तेव्हा हप्ते तासांवर बांधून घ्यावेत. इतके तास झाले की इतके पैसे. आगाऊ रक्कम महिना-दीड महिन्याच्या उड्डाणाएवढीच. मध्येच सोडावे लागले तर न उडवलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्यावे. ज्या शाळेला हे मान्य नाही, तिथे पोराला पाठवू नये. आणि पैसे शाळेच्या नावावर बँकेतून थेट जावेत, एजंटाच्या खात्यातून नव्हे. एजंट वाईटच असतात असे माझे म्हणणे नाही. आपण अडत्याशिवाय डाळिंब विकतो का? पण अडत्या कोणाकडून किती घेतो, हे आपल्याला ठाऊक असते. तेवढे इथेही विचारावे.

दराच्या वरचे पैसेही नीट विचारा. ऊसतोडीचा दर ठरलेला असतो, तरी टोळीची खुशाली आणि ड्रायव्हरची एंट्री द्यावीच लागते ना? तशी विमान शाळेतही एंट्री असते. उतरण्याचे शुल्क, इंधनाची वाढ, परीक्षकाची फी, नापास झाल्यास पुन्हा चाचणीची फी, विमा, गणवेश, कानाला लावायचे हेडफोन, राहणे, जेवण. आणि सर्वांत मोठी एंट्री म्हणजे जादा तास. २०० तासांत सगळ्यांचे भागत नाही. दहा टक्के तरी वर धरावेत.

शाळेला विचारायचा खरा प्रश्न मात्र एकच आहे, तो मी मुलीला वहीत लिहून घ्यायला लावला. तुमच्याकडे विमाने किती, त्यातली आज उडत असलेली किती, आणि विद्यार्थी किती? माहितीपत्रकात नेहमी पहिला आकडा असतो. दुसरा आणि तिसरा मागावा लागतो. त्याला जोडून शिक्षक किती आणि गेल्या वर्षी किती सोडून गेले, तेही विचारावे. पुष्कळ शाळांत शिक्षक हा स्वतः तास जमवणारा तरुण वैमानिक असतो. त्याला कंपनीत नोकरी लागली की तो जातो आणि विद्यार्थी नव्या शिक्षकाची वाट पाहत खोलीत बसतो. शिवाय गेल्या वर्षी परत आलेल्या चार-पाच भारतीय मुलांचे फोन शाळेकडून न घेता आपण शोधून काढावेत. शाळेने दिलेले विद्यार्थी म्हणजे बाजारात दलालाने पुढे केलेला बैल, त्याची शिंगे रंगवलेलीच असणार.

परत आल्यावर

परदेशी परवाना हातात आला म्हणजे काम संपले नाही. तो भारतीय करून घ्यावा लागतो. राहिलेल्या परीक्षा, परवान्याची खातरजमा आणि इथल्या परीक्षकासमोर पुन्हा विमान उडवून दाखवणे, तेही इथल्या क्लबचे विमान तासावर घेऊन. यात काही महिने जातात. तेवढ्यात अलीकडच्या उड्डाणाची अट चुकली तर पुन्हा तास भरावे लागतात. त्यानंतर कंपनीच्या मोठ्या विमानाचे, म्हणजे एअरबस किंवा बोइंगचे, खास शिक्षण. पुष्कळदा ते स्वखर्चाने करावे लागते आणि त्याला आणखी १५ ते २५ लाख पडतात. एजंटाच्या ५८ लाखांत हे काहीच नव्हते.

आणि नोकरी? वर्तमानपत्रांत वैमानिकांचा तुटवडा असे मथळे येतात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा तर वैमानिक मिळेनात असे सगळीकडे ऐकू आले. पण कंपन्यांना जास्त ओढ लागते ती अनुभवी कॅप्टनांची. २०० तासांचा नवा परवानाधारक हा रोपवाटिकेतला रोप आहे. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. सगळ्यांना लगेच खुर्ची मिळाली असे नाही. त्यात कंपन्याही बुडतात. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली आणि अनुभवी वैमानिक नव्या पोरांच्या रांगेत पुढे येऊन उभे राहिले. नोकरी लागली तर पगार उत्तम आहे. पण ती वर्षात लागेल की तीन वर्षांत, हे धरून हिशेब करायला हवा.

जमिनीचा हिशेब

हिशेब आम्ही अंगणात बसून केला. कच्चा खर्च ६० लाख धरला. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरला आहे. आपल्याकडचा उतारा आणि तोडणी-वाहतूक वजा जाता हातात २,८०० पडले असे समजू. म्हणजे ६० लाखांना २,१०० टनांहून जास्त ऊस. आण्णांचा पाच एकर, एकरी ४० टन, वर्षाला २०० टन. खत, पाणी, मजुरी, खाणेपिणे काहीच न धरता दहा वर्षांचा सगळा ऊस. आण्णा बराच वेळ गप्प बसले.

बँकेचे काय? शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँका तारण मागतात आणि इथे शेतकऱ्याची गंमत होते. नऊ एकरांचा मालक, पण बँक जमीन तारण घ्यायला राजी नसते. २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँकेला तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेता येते, पण शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ती वगळली, आणि ते योग्यच आहे, पण त्यामुळे पोरांच्या शिक्षणाला ती तारण चालत नाही. सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असतो तो वेगळाच. म्हणून लोक जमीन विकतात, नाही तर सावकाराकडे जातात. सावकाराचे नाव आण्णांनी काढले तेव्हा आज्जी उठून आत गेल्या.

चालते ते बिगरशेती भूखंड, घर, मुदत ठेव, विमा पॉलिसी. गावठाणातल्या घराची पूर्वी धड कागदपत्रे नसत. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. ज्यांच्या गावात मोजणी झाली, त्यांनी ती काढून घेऊन बँकेत विचारून पाहावे, पण गावातल्या घराची किंमत बँक फार धरत नाही. कर्ज मिळालेच तरी ६० लाखांना साडेदहा टक्क्यांनी वर्षाला सव्वासहा लाखांच्या वर, म्हणजे महिन्याला साडेबावन्न हजार नुसते व्याज होते आणि ते शिकत असतानाही चढतच असते.

माझे मत मी तिथेच सांगितले. सगळी जमीन किंवा जमिनीचा कणा मोडून हे करू नये. धाकटा मुलगा नववीत आहे, त्याचाही त्या रानावर हक्क आहे. मुलगी ऐकत होती. म्हणाली, "काका, मग मी सोडून देऊ का?" मी म्हणालो, "सोडू नकोस. उलट्या बाजूने सुरू कर. ज्याला पैसे कमी लागतात ते आधी."

त्याला आता आठ महिने होऊन गेले. पाच लाखांची महिनाअखेर कधीच उलटून गेली आणि एजंटाची सूट अजून चालूच आहे, तो दर महिन्याला फोन करतो. मुलीच्या दोन्ही वैद्यकीय तपासण्या झाल्या, दोन्हींत ती पास आहे. हवामानशास्त्र आणि हवाई नियम हे विषय सुटले, मार्गनिर्धारणात ६४ पडले, पुन्हा बसणार आहे. तीन एकरांचे गिऱ्हाईक आण्णांनी परत पाठवले. एक एकर काढायची तयारी आहे, बाकीच्यासाठी पुण्याच्या मावशीचा फ्लॅट तारण द्यायचे चालले आहे. मावशींनी हो म्हटले आहे, त्यांच्या यजमानांनी अजून म्हटलेले नाही.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा आफ्रिकेतल्या त्या शाळेचे उत्तर आले होते. विमाने १४, त्यातली उडत असलेली ९, विद्यार्थी ६२. आण्णांनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मांडले. दहा महिन्यांत २०० तास म्हणजे प्रत्येकाला महिन्याला २० तास. बासष्ट जणांचे १,२४० तास. नऊ विमानांना वाटले तर एकेकाला महिन्याला १३८ तास, म्हणजे रोज साडेचार तासांवर, एकही दिवस खाडा नाही.

"आणि दर शंभर तासांना मोठी तपासणी असते आण्णा," मुलगी म्हणाली. "तेव्हा विमान शेडमध्ये जातं."

"म्हंजी तीन आठवड्याला एकदा बसणारच की घरी," आण्णा म्हणाले. पेन्सिल कानावर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आमचा ट्रॅक्टर बी एवढा चालत न्हाई. दुसऱ्या शाळंला लिही गं."